परदेशातल्या बेसवर आई-वडील येणार? या चुका टाळा

जर्मनी, जपान किंवा दक्षिण कोरियात पोस्टिंग असलेल्या अमेरिकी सैनिकाच्या घरी आई-वडील किंवा सासू-सासरे राहायला येतात, तेव्हा बहुतेक घोटाळे एकाच गैरसमजातून होतात: आपल्याला जे चालतं ते त्यांनाही चालेल. तुम्ही तिथे राहता ते दोन देशांमधल्या सैन्य कराराच्या, म्हणजे ‘सोफा’च्या आधारावर. ते येतात ते साधे पर्यटक म्हणून. तुमचं ओळखपत्र त्यांच्या काही कामाचं नाही.

दिवस मोजायला चुकणं

नाटोच्या १९५१ च्या करारात सैनिकाचं कुटुंब म्हणजे जोडीदार आणि त्याच्यावर अवलंबून असलेली मुलं. जपानबरोबरच्या १९६० च्या करारात आई-वडील येतात खरे, पण निम्म्याहून जास्त खर्चासाठी ते सैनिकावर अवलंबून असतील तरच. दोन-तीन महिने भेटायला आलेली आई यात बसत नाही.

म्हणून जर्मनीत तिला शेंगेनचा, म्हणजे सामाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांचा नियम लागतो: कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. ‘मध्ये चार दिवस पॅरिसला जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. फ्रान्सही शेंगेनमध्येच आहे. लंडनला जाऊन आलात तर तिथले दिवस मोजले जात नाहीत एवढंच, आधीचे पुसले जात नाहीत. अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा लागत नसला तरी ९० दिवसांची मर्यादा तीच. भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाबरोबर किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा हवा. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. शेवटच्या आठवड्यावर टाकू नका, मुळात भेटीची वेळच लवकर मिळत नाही.

बाळंतपणासाठी आई येणार असेल तर हे गणित फार नेमकं करावं लागतं. ती महिनाभर आधी आली आणि बाळाने तारीख लांबवली, तर खरी गरज असतानाच दिवस संपत येतात. माझं मत विचाराल तर तिला बाळाच्या तारखेच्या जवळच बोलवा. तरीही दिवस संपतच आले, तर मुदत उलटण्याआधी स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जा. मात्र मुदतवाढ गंभीर कारणासाठी मिळते. ती रुग्णालयात असेल तर विचार होऊ शकतो. ‘नातू लहान आहे’ एवढ्यावर भरवसा ठेवू नका.

‘बेसवर हॉस्पिटल आहेच की’

आहे, पण त्यांच्यासाठी नाही. तुमचा ट्रायकेअर, म्हणजे अमेरिकी सैन्याचा आरोग्य विमा, भेटीला आलेल्या आई-वडिलांना लागू होत नाही, आणि अमेरिकेतलं मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमाही, देशाबाहेर सहसा पैसे देत नाही. स्वतंत्र विमा घ्या आणि घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दलचं बारीक अक्षरातलं कलम वाचा. मधुमेह, रक्तदाब असलेल्यांचे दावे तिथेच अडकतात. रात्री छातीत दुखायला लागलं तर गेटकडे धावू नका. जर्मनीत ११२, जपान आणि कोरियात ११९ फिरवा. हे नंबर आणि जवळच्या स्थानिक रुग्णालयाचा पत्ता फ्रिजवर लावून ठेवा.

जपानला येणाऱ्यांची औषधं आधी तपासा. डॉक्टरांनी लिहून दिलेली नेहमीची औषधं महिन्याभराची आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. अ‍ॅम्फेटामीन (मेंदूला उत्तेजित करणारं रसायन) असलेली औषधं चिठ्ठी असली तरी चालत नाहीत. कोडीनसारख्या (खोकला-वेदनेवरच्या) औषधांवरही बंधनं आहेत.

गेटवर अडकणं

पाहुण्याला आत नेण्यासाठी पास आणि स्पॉन्सर, म्हणजे त्याची जबाबदारी घेणारा बेसवरचा माणूस लागतो. भारतीय पासपोर्टवर, म्हणजे ना अमेरिकी ना यजमान देशाचा, काही ठिकाणी जास्तीची मंजुरी लागते. ती विमानाचं तिकीट काढण्याआधी विचारा, विमानतळावरून परतताना नव्हे. सुरक्षेची पातळी वाढली की पाहुण्यांचा प्रवेश अचानक बंदही होऊ शकतो, तेव्हा मुक्कामाचा सगळा बेत बेसच्या आतल्या गोष्टींवर उभा करू नका. घर बेसवर असेल तर पाहुणा किती दिवस राहू शकतो हे हाउसिंग ऑफिसला विचारा.

मुलगा मध्येच डिप्लॉयमेंटवर, म्हणजे मोहिमेवर गेला तर? सून तिच्या ओळखपत्रावर सही करून पाहुण्यांना आत नेऊ शकते का, हे तो घरी असतानाच विचारून घ्या. नाहीतर सासूबाई गेटबाहेर आणि सून आत, असा प्रसंग येतो.

खरेदी आणि गाडी

बेसवरच्या दुकानांतला माल करमुक्त असतो, म्हणून तो पाहुण्यांच्या बॅगेत भरणं हा कस्टमचा गुन्हा ठरू शकतो. जर्मनीत सिगारेट, कडक दारू आणि कॉफी तर रेशनकार्डावर मिळते. सासऱ्यांनी तुमच्या स्वयंपाकघरात बसून कॉफी प्यायला कुणाची ना नाही. परतताना पाकिटं नेण्याला आहे. सैन्याची नंबरप्लेट असलेली गाडी त्यांच्या हाती देण्याआधीही नियम विचारा. परवाना आणि विमा, दोन्ही तिथे अडतात.

फॅमिली ग्रुप

आजी-आजोबांना मुलाचा अभिमान असतो, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर सांडतो. गेटचे, धावपट्टीचे फोटो, युनिट कधी निघणार, मुलगा कधी परतणार, यातलं काहीही तिथे टाकायचं नसतं. हे पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट सांगा, आणि सुनेने नव्हे, मुलाने सांगावं. बाहेर गेलेला फोटो मिटवला तरी ग्रुपमधल्या पन्नास फोनमध्ये तो उरतोच. तसं झालंच तर लपवू नका. युनिटमधल्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्याला त्याच दिवशी कळवा.