पाय धुणे आणि धुवून घेणे : पाळकीय सेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी

ख्रिस्ती धर्मशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून पाळकीय सेवेत, म्हणजे चर्चचे धर्मगुरू म्हणून सेवेत येऊ पाहणारे तरुण-तरुणी नेमणुकीपूर्वी भेटायला येतात, तेव्हा त्यांचे बहुतेक प्रश्न उपदेशाविषयी असतात. किती मिनिटे बोलावे, तयारी कोणत्या वारी सुरू करावी, जुनी गीते घ्यावीत की नवी, असे ते प्रश्न असतात. ते रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे मी यथाशक्ती देतो. परंतु त्यानंतर मीही एक प्रश्न विचारतो. शिकत असताना ज्या मंडळीत, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, तुम्हाला सरावासाठी पाठवले होते, तिथे तुम्ही कोणाकोणाच्या घरी जेवलात, आणि जेवणानंतर तुमचे ताट कोणी उचलले? बहुतेकांना ते आठवत नाही. माझ्या पहिल्या वर्षी मलाही ते सांगता आले नसते. अहिल्यानगर, म्हणजे जुन्या नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत वीसहून अधिक वर्षे काढल्यावर नम्रतेविषयी आणि सेवेविषयी जे ध्यानात आले, ते नव्याने येणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

आधी वाटचालीविषयी थोडक्यात सांगतो. मी ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट संस्थेत सेवा करतो, ती २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा वेगवेगळ्या चर्च-संस्थांच्या एकीकरणातून स्थापन झाली. आमच्या भागातील अनेक मंडळ्यांची मुळे मात्र त्याहून जुनी, १८३१ साली नगरमध्ये काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनपर्यंत जातात. पाळक होण्यासाठी स्थानिक मंडळीची शिफारस लागते, धर्मप्रांताकडून, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील विभागाकडून, निवड व्हावी लागते आणि साधारणतः सेरामपूरची बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही धर्मशास्त्राची पदवी घ्यावी लागते. हे सेरामपूर आपले श्रीरामपूर नव्हे. ते बंगालमध्ये हुगळीच्या काठी आहे. तेथील महाविद्यालय १८१८ साली सुरू झाले आणि १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. पदवीनंतर उमेदवारीचा काळ असतो, मग डीकन म्हणून दीक्षा होते आणि त्यानंतर प्रेस्बिटर, म्हणजे पूर्ण अधिकाराचा पाळक म्हणून.

यातील डीकन या पायरीकडे विद्यार्थी केवळ मधला टप्पा म्हणून पाहतात आणि ती लवकर संपावी अशी त्यांची इच्छा असते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ सेवक असा आहे, आणि त्यात पंगतीत वाढणाऱ्याचा अर्थही आहे. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात विधवांना रोजच्या अन्नवाटपात डावलले जात असल्याची तक्रार झाली, तेव्हा जे सात जण निवडले गेले, त्यांचे पहिले काम वाढप्याचे होते. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत चांगला वाढपी कसा ओळखतात, ते पाहा. कोणाच्या पानात काय संपले आहे, हे तो न विचारता जाणतो, कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याकडे परत जातो आणि सर्वांच्या शेवटी जेवतो. प्रेस्बिटर झाल्यावर ही पायरी मागे राहते असे समजू नये. नंतर मिळणाऱ्या प्रत्येक अधिकाराखाली तीच असते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दुसऱ्या नेमणुकीच्या ठिकाणी मी पुनरुत्थानाच्या सणापूर्वीच्या (ईस्टरपूर्वीच्या) गुरुवारी, येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्याच्या स्मरणार्थ, पाय धुण्याचा विधी करण्याचे ठरवले. आमच्याकडे तो सर्वत्र होत नाही, त्यामुळे मंडळीत उत्सुकता होती. मी तरुण संघातील बारा मुले निवडली. ती आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे आणि नवे मोजे घालून आली. विधी नीटनेटका पार पडला, छायाचित्रेही निघाली. बाहेर पडताना मंडळीतील एक वृद्ध मावशी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "पाळकसाहेब, पोरांचे पाय तर धुतलेलेच होते." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना दिसले तेवढेच त्यांनी सांगितले, आणि ते वाक्य वर्षभर माझ्या मनातून गेले नाही.

पुढच्या वर्षी मी वेगळी माणसे बोलावली. त्यांत दोन मोलकरणी होत्या, एक चर्च झाडणारे काका होते आणि गळीत हंगाम संपवून गावी परतलेले एक ऊसतोड मजूर होते. (कॅथलिक मंडळीत या विधीसाठी पुरुषच निवडावेत असा नियम २०१६ पर्यंत होता, तो त्या वर्षी बदलला, आमच्याकडे तशी अडचण नव्हती, तरीही पहिल्या वर्षी मला एकही स्त्री सुचली नव्हती.) पितळी गंगाळ एका घरून मागून आणले होते आणि पाणी कोमट केले होते. ऊसतोड करणाऱ्या त्या बाबांच्या अंगठ्याला कोयता लागलेला होता, त्यावर चिंधी बांधलेली होती. मी ती सोडू लागलो तेव्हा त्यांनी पाय मागे ओढला आणि म्हणाले, "राहू द्या साहेब, घाण हाय." मी पाय हातात घेतला. टाचांच्या भेगा इतक्या खोल होत्या की त्यांतील काळी माती पाण्याने निघेना, ती बोटाने काढावी लागली. गंगाळातले पाणी मातकट झाले. पंच्याने पाय पुसून मी उठलो, तेव्हा ते एकदम म्हणाले, "आता तुम्ही बसा. मला बी तुमचं धुवू द्या."

सगळी मंडळी पाहत होती. माझ्या तोंडून निघाले, "नको बाबा, त्याची गरज नाही." ते काही बोलले नाहीत, खाली पाहत आपल्या जागेवर जाऊन बसले. मला त्या क्षणी वाटले की मी मोठ्या विनयाने वागलो.

रात्री योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय पुन्हा वाचला. तो मी कित्येकदा वाचला होता आणि त्यावर उपदेशही केले होते, पण माझे लक्ष नेहमी कमरेला रुमाल बांधून उठणाऱ्या प्रभूकडे असे. त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र दिसला. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, असे तो म्हणतो, आणि ते ऐकायला किती नम्र वाटते! प्रभू मात्र ती नम्रता स्वीकारत नाही. मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असे तो सांगतो. मी त्या बाबांना जे म्हणालो, ते पेत्राचेच बोलणे होते. देणारा मी आणि घेणारे ते, ही मांडणी मी भर उपासनेत मोडू दिली नव्हती. गुडघे टेकून बसलो होतो तरी साहेब मीच राहिलो होतो.

त्याच आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. दारात पोहोचल्यावर, आपल्याकडे पाहुण्याला हातपाय धुवायला पाणी देतात त्या रीतीप्रमाणे, ते तांब्या घेऊन आले. मी हात पुढे केला. त्यांनी तांब्या दिला नाही. वाकून स्वतःच पाणी ओतू लागले. मी उभा राहिलो आणि त्यांना ओतू दिले. त्यानंतर आम्ही त्या गुरुवारविषयी कधी बोललो नाही, परंतु त्या दिवसापासून ते मला साहेब म्हणायचे थांबले.

हे एवढे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, सेमिनरीत (धर्मशास्त्राच्या विद्यालयात) आपल्याला सेवा करायला शिकवले जाते, मात्र सेवा करवून घ्यायला कोणी शिकवत नाही, आणि खेड्यातील मंडळीत पहिल्याच दिवसापासून त्याची गरज पडते. तुम्ही घरभेटीला जाल तेव्हा घरातली एकमेव खुर्ची तुमच्यासाठी झटकून ठेवली जाईल आणि घरची माणसे खाली बसतील. काही नवे पाळक आग्रहाने खुर्ची नाकारतात आणि जमिनीवर बसतात. मीही तसे करत असे. पुढे लक्षात आले की काही घरांत त्याने मोकळेपणा येतो, तर काही घरांत यजमानाला वाटते की आपली खुर्ची पाळकांना पसंत पडली नाही. म्हणून घर पाहून वागावे. जिथे आजी आजारी आहेत तिथे त्यांच्या बाजेजवळ खाली बसावे, कारण त्यांना मान वर करून बोलावे लागू नये. आणि जिथे धुतलेली चादर अंथरून खुर्ची मांडली आहे, तिथे आभार मानून खुर्चीवर बसावे. बिनदुधाचा चहा आला तर तो पूर्ण प्यावा. हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे सुगीबद्दल देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला, ज्वारीच्या पोत्यांशेजारी एखादी विधवा दोन अंडी आणून ठेवते, आणि उपासनेनंतरच्या लिलावात त्यांना मिळणारी रक्कम अगदी लहान असते. पण ती अंडी पुकारताना तुमचा आवाज पोत्यांइतकाच आदराचा असला पाहिजे. प्रार्थनेनंतर कोणी हातात पन्नास रुपये ठेवले आणि ते घर हातावर पोट असणारे असले, तरी ते परत करू नयेत. घ्यावेत, आणि मंडळीच्या पावतीपुस्तकात त्यांच्या नावाने नोंदवावेत.

पावतीपुस्तकावरून हिशेबाकडे येतो, कारण माझ्या मते पाळकाच्या नम्रतेची खरी परीक्षा तिथे होते. एका ठिकाणी पंचमंडळाच्या, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीच्या, बैठकीत खजिनदारांनी माझ्या प्रवासखर्चातील तीनशे चाळीस रुपयांविषयी विचारणा केली. रक्कम मी योग्य कामासाठीच खर्च केली होती, परंतु तिकिटे जपून ठेवली नव्हती. प्रश्न ऐकताच मला राग आला. रात्री-अपरात्री मयताला धावून जाणाऱ्या माणसाला असे विचारावे, हे मला लागले आणि मी तसे बोलून दाखवले. बैठकीत शांतता पसरली. खजिनदार निवृत्त शिक्षक होते, ते म्हणाले, "पाळकसाहेब, हे पैसे तुमचेही नाहीत आणि माझेही नाहीत. दानपेटीत दहाची नोट टाकणाऱ्या बाईला उत्तर मला द्यावे लागते." मी त्यांची क्षमा मागितली, मात्र ती घरी जाऊन मागितली, बैठकीत बोललो होतो, तर क्षमाही बैठकीतच मागायला हवी होती, असे आज वाटते. अनोळखी माणसाचे पाय धुण्याची तयारी असलेला पाळक आपल्याच पंचांच्या प्रश्नाने दुखावतो, असे मी नंतर अनेक ठिकाणी पाहिले आहे. म्हणून नव्या सेवकांना सांगतो की पहिल्याच महिन्यात स्वतःहून हिशेब मांडा. कोणी मागेपर्यंत थांबू नका.

भाषेतही हा प्रश्न येतो. पाच-सहा वर्षे शिकल्यावर आपल्या जिभेवर जड शब्द बसतात, आणि ते उच्चारले की आपण शिकलेले वाटतो. अशा वेळी मला पंडिता रमाबाईंची आठवण होते. १८७८ साली कोलकात्यात विद्वानांनी ज्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, त्या रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर केले. ते संस्कृतप्रचुर मराठीत त्यांना सहज करता आले असते. अल्पशिक्षित बायकांनाही वाचून कळावे म्हणून त्यांनी ते मुद्दाम साध्या मराठीत केले, आणि छपाईचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या स्त्रियांनीच केले. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल प्रसिद्ध झाले. मी आता शनिवारी उपदेश लिहून झाला की तो पत्नीला वाचून दाखवतो आणि ज्या शब्दाला ती थांबवते तो काढतो.

आजारी आणि मृत यांच्या सेवेत फारसे बोलावे लागत नाही. सरकारी दवाखान्यात रुग्णाला भेटायला जाताना डबा न्यावा, नातेवाइकाला तासभर घरी पाठवून आपण खाटेजवळ बसावे, आणि प्रार्थना करू का, असे आधी विचारावे. रुग्ण नको म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नये. दफनविधीच्या दिवशी कबर खोदणारे लोक पहाटेपासून उन्हात असतात, त्यांच्यासाठी पाणी आणि चहा पोहोचला का, हे पाळकाने पाहावे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, काही दफनांना चार-पाचच माणसे होती आणि फावडे मीही हातात घेतले. त्या दिवसांत त्या खोदणाऱ्यांची नावे मला प्रथम कळली, याची खंत अजून आहे.

एक मर्यादाही सांगायला हवी. नम्रतेच्या नावाखाली सर्व कामे स्वतःच्या अंगावर घेणारा पाळक दोन वर्षांत थकतो, आणि मंडळीतील माणसांना सेवा करण्याची संधीही तो नकळत हिरावून घेतो. सतरंज्या पसरणे, घंटा वाजवणे, वचन वाचणे ही कामे वाटून द्यावीत. आठवड्यातील एक दिवस कुटुंबासाठी ठेवावा आणि तसे मंडळीला स्पष्ट सांगावे.

आणि बदलीची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी. काही वर्षांनी बदली होणारच असते, आणि निघताना मंडळी रडते तेव्हा, आपल्यावाचून यांचे कसे होईल, असा विचार मनात शिरतो. निघण्यापूर्वी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या पूर्ण करून त्यांवर सही करावी, आजारी आणि एकट्या राहणाऱ्यांची यादी नव्या पाळकांसाठी लिहून ठेवावी, आणि त्यानंतर त्या मंडळीतून सल्ल्यासाठी फोन आला तर नव्या पाळकांकडेच पाठवावे. मागच्या बदलीच्या वेळी चाव्यांचा जुडगा मी चर्च झाडणाऱ्या काकांच्या हाती दिला. त्यांनी एकेक चावी मोजून पाहिली, दानपेटीची चावी वेगळी काढून खजिनदारांकडे दिली आणि माझी पेटी स्टँडपर्यंत उचलून आणली. मी ती त्यांना उचलू दिली.