राउंड अडकतोय? कानस हातात घेण्याआधी या चुका टाळा

वरळीच्या रेंजवर पाऊस सुरू झाला की एक तक्रार हमखास ऐकू येते: "काल व्यवस्थित चालत होतं, आज दर मॅगझिनला जॅम." मग कुणीतरी सल्ला देतो, "रॅम्प पॉलिश करून घे." .२२ च्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाचं सर्वांत जास्त नुकसान याच सल्ल्यामुळे होतं. रॅम्प म्हणजे राउंडला (काडतुसाला) मॅगझिनमधून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकातल्या त्याच्या जागेत, नेणारा उतार. त्यावरून घासलेला धातू परत येत नाही, आणि दहातल्या नऊ वेळा दोष रॅम्पमध्ये नसतोच.

पहिली चूक म्हणजे जॅम काढून राउंड फेकून देणं. तोच तर पुरावा! मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता भाग) मागे अडकवा, चेंबर रिकामं असल्याचं डोळ्यांनी बघा, सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याचं दाखवणारी पट्टी) घाला आणि मग तो राउंड उजेडात धरा. शिशाच्या टोकावर खालच्या बाजूला चपटा डाग असेल, तर राउंड खाली राहून रॅम्पवर आदळतोय. मॅगझिन पूर्ण बसलेलं नाही किंवा त्याची स्प्रिंग थकली आहे. टोकाच्या वरच्या बाजूला खरचटून शिशाची चंद्रकोर निघाली असेल, तर राउंड वर उसळतोय. अशा वेळी मॅगझिनचे ओठ, म्हणजे राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, फाकलेत का ते बघा.

मॅगझिनवर मार्करने नंबर टाकलेले नसतील तर पुढचं सगळं अंधारात चालतं. चरा एकाच मॅगझिनच्या राउंडवर येत असेल तर दोष मॅगझिनचा; सगळ्यांच्या येत असेल तर चेंबरकडे वळा. ओठ पक्कडीने "जरासे" वाकवायला जाऊ नका. नवं मॅगझिन महाग आहे हे मान्य, पण वाकवलेलं मॅगझिन आज चालतं आणि नेमकं मॅचमध्ये दगा देतं.

आता राउंड झाडल्यावर उरणारी रिकामी पुंगळी. फायरिंग पिनचा (राउंडवर आपटून तो फोडणाऱ्या पिनचा) ठसा घड्याळातल्या बाराच्या जागी येईल अशी तिची मागची बाजू आपल्याकडे करा. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून बाहेर काढणारा भाग) उजवीकडे असलेल्या पिस्तुलात तीनच्या आसपास रिमवर (पुंगळीच्या बुडाच्या कडेवर) त्याच्या नखाची बारीक खूण दिसते. ही खूण असणारच, तिला घाबरून पिस्तूल दुकानात नेणारे मी पाहिलेत. रिमचा तुकडाच उडाला असेल तर मात्र पुंगळी चेंबरमध्ये घट्ट बसतेय आणि नख तिला फाडून बाहेर ओढतंय: आधी चेंबर साफ करा. रिमवर नुसता ओरखडा आणि पुंगळी आतच, म्हणजे नख घसरतंय. त्याच्या खाली काजळी दाटली आहे, नाहीतर नख झिजलंय किंवा त्याची स्प्रिंग ढिली पडली आहे. काजळी लाकडी टूथपिकने निघते. त्यासाठी सुई वापरू नका.

पिनच्या ठशाच्या अगदी रेषेत पुंगळीच्या अंगावर उभा चरा दिसला, तर संशय ड्राय फायरवर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबण्यावर. .२२ मध्ये पिन रिमवर मारते. चेंबर रिकामं असेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि तिथे धातूची बारीक कोर उभी राहते. ड्राय फायरची वेगळी सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर स्नॅप कॅप (नकली राउंड) घाला.

पुंगळी बाहेर आली पण बोल्टमध्ये उभी अडकली, तर बोल्ट पुरेसा मागे गेलेला नाही. कारण ढिलं मनगट, राउंडचा कमजोर लॉट किंवा तेल. मुंबईत तेलाचा अतिरेक ही वेगळीच व्याधी आहे. खारी हवा आणि गंजाची भीती, म्हणून जून ते सप्टेंबर लोक पिस्तूल अक्षरशः बुडवून ठेवतात. .२२ च्या गोळीवर मेणाचा थर असतो. ते मेण, दारूची काजळी आणि तेल मिळून काळा चिकटा तयार होतो आणि बोल्ट जड पडतो. बाहेरून तेलाचा हात फिरवा, चेंबर मात्र कोरडं ठेवा. पेटीत सिलिका जेल टाका आणि ते वेळोवेळी बदला.

दोन गोष्टींत घाई नको. ट्रिगर दाबला आणि राउंड फुटला नाही, तर नळी टार्गेटकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढचा राउंड झाडूच नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते.

मॅचमध्ये यातलं काहीही स्वतः करायचं नाही. पिस्तूल टार्गेटकडे, मोकळा हात वर आणि रेंज ऑफिसर येईपर्यंत बोल्टला हात नाही. तपासणीआधी उघडलंत तर बिघाड खरा असूनही तो ग्राह्य धरला जात नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी मॅगझिन, मग लॉट, मग सफाई. इतकं करूनही खूण तीच येत असेल तर पुंगळ्यांचे जवळून फोटो काढा, सोबत मॅगझिनचा नंबर लिहा आणि परवानाधारक गनस्मिथकडे जा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, त्यामुळे ओळखीचा लेथवाला कितीही कसबी असला तरी पिस्तूल त्याच्या हातात द्यायचं नाही.