पाणबुडी संग्रहालयात फोटो काढताना या चुका टाळा

आयएनएस कुरसुरा ही संग्रहालय झालेली पाणबुडी पाहायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा बडोद्याहून दीड दिवस रेल्वेत बसून विशाखापट्टणम गाठलं होतं. कॅमेरा रात्रभर हॉटेलच्या एसी खोलीत होता. सकाळी रामकृष्ण बीचवर येऊन बॅगेतून काढला, डोळ्याला लावला, तर समोर नुसतं पांढरं धुकं. लेन्स बिघडली असं वाटून मी रुमालानं घासत सुटलो. बाष्प पुसलं की पुन्हा साचायचं, आणि वर काचेवर मिठाचे ओरखडे. समुद्राची दमट हवा थंडगार काचेला लागली की असं होणारच. बडोद्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कॅमेरा वापरणाऱ्याला याची सवय नसते.

उपाय अगदी साधा आहे. खोलीतून निघण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नका. बाष्प पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमतं, आत काच हळूहळू हवेइतकी गरम होते. फोनलाही हेच लागू. किनाऱ्यावर लेन्स बदलू नका, आणि संध्याकाळी परतल्यावर कॅमेऱ्याचं अंग किंचित ओल्या कापडानं पुसून मग कोरडं करा. मीठ कोरडं घासलं तर ओरखडे उठतात.

वेळ ठरवताना होणारी चूक याहून महाग पडते. संग्रहालय सोमवारी बंद असतं. आमच्या दांडिया बाजारातल्या ओळखीच्या एका कुटुंबानं पुरी, अरकू सगळं नीट बसवलं आणि विशाखापट्टणमसाठी नेमका सोमवार उरला. मुलांनी पाणबुडी रस्त्यावरूनच पाहिली. बाकीच्या दिवसांच्या वेळाही निघण्यापूर्वी तपासून घ्या, आणि कॅमेऱ्याचं तिकीट वेगळं असतं ते खिडकीवरच काढा. आत गेल्यावर परत येणं सोपं नाही.

बाहेरून फोटो घेताना उन्हाची बाजू बघा. समुद्र पूर्वेला आहे, म्हणून सकाळी पाणबुडीची समुद्राकडची बाजू उजळते आणि रस्त्यावरून पाहिलं तर ती काळी सावली दिसते. रस्त्याकडची बाजू हवी असेल तर दुपारनंतर या. ही बोट 91.3 मीटर लांब आहे. जवळ उभं राहून सगळी एका फोटोत बसवायचा हट्ट धरला की मधला भाग फुगतो आणि टोकं बारीक होतात. लांब जा, किंवा सरळ तिचा एक भाग निवडा: नाक, वरचा मनोरा, मागचे पंखे. ड्रोन मात्र बडोद्यातच ठेवून या. शहरात पूर्व नौदल कमांडचं मुख्यालय आहे, तिथे हौसेखातर ड्रोन उडवणं थेट कायद्यात अडकवतं.

आता आतलं. इथेच बहुतेकांचे फोटो फसतात, आणि त्याचं कारण कॅमेऱ्यात शोधून उपयोग नाही.

आपण बडोद्याचे लोक लक्ष्मी विलास राजवाड्याचे फोटो काढून शिकलेलो. समोर मोकळी जागा, दोन्ही बाजू सारख्या, माणसं बाजूला झाली की क्लिक. तीच सवय घेऊन पाणबुडीत शिरलो की सगळं उलटं पडतं. इथे मागे सरकायला जागा नाही. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला पोलादी भिंतीतलं गोल भोक, त्यातून आधी पाय आणि मग डोकं. मागून शाळेची सहल ढकलत असते. फोटोत माणूस येऊ नये म्हणून थांबून राहिलात तर तास जाईल. आणि माणूस नसलेल्या फोटोत ते भोक दोन फुटांचं की सहा फुटांचं, हे पाहणाऱ्याला कळतही नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पाणबुडीचा फोटो माणसाच्या मापानं काढा. भोकातून वाकून जाणारी आई, बंकच्या (नौसैनिकांच्या अरुंद झोपण्याच्या फळीच्या) काठाला हात टेकलेला मुलगा, डायलसमोर थांबलेला वाटाड्याचा तळहात. या बोटीत सुमारे 75 जण राहायचे, झोपायचे, जेवायचे, आणि पाण्याखाली असताना सूर्य बघत नव्हते. रिकाम्या पोलादाच्या फोटोत हे कुठेच दिसत नाही. कप्प्यांत नौसैनिकांचे पुतळे ठेवले आहेत, पण फ्रेम त्यांनी भरू नका. पुतळ्याचा चेहरा ओळखू येतो म्हणून नजर तिकडे ओढली जाते आणि घरी आल्यावर अल्बममध्ये मेणाची माणसं उरतात.

तांत्रिक अडचणी चार-पाचच आहेत. फ्लॅश बंद ठेवा. सगळीकडे काचेचे डायल आणि रंग दिलेलं चकचकीत लोखंड, फ्लॅश मारला की पांढरे ठिपके उठतात आणि मागचं सगळं काळं होतं. आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो त्याचं माप) 1600 ते 3200 ठेवा, थोडे दाणे आले तर येऊ द्या. फोटोत आडवे काळे-पांढरे पट्टे दिसत असतील तर तो दिव्यांचा दोष. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-तेज होतात. शटर (उजेड आत येण्याचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं की पट्टे जातात. फोनच्या प्रो मोडमध्येही हे जमतं. हिरवट किंवा पिवळट झाक आली तर व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणूनची सेटिंग) ऑटोवर सोडू नका. एखाद्या पांढऱ्या पाइपवर किंवा पांढऱ्या कागदावर धरून पक्का करा, आणि सोय असेल तर रॉमध्ये (नंतर रंग सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. ट्रायपॉड उघडायला जागाच नाही, खांदा भिंतीला टेकवा आणि श्वास सोडून क्लिक करा.

फोनची अल्ट्रावाइड लेन्स इथे कामाची आहे, पण कडेला उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा ती ताणते. माणसाला मध्ये घ्या आणि फोन काटकोनात सरळ धरा, वाकवू नका. बॅग पाठीवर नको, पोटाशी धरा. गोल दारातून जाताना पाठीवरची बॅग हमखास अडकते, आणि अडकलेली बॅग सोडवताना हात जातो तो एखाद्या व्हॉल्व्हवर. या गोष्टी पन्नास वर्षांहून जुन्या आहेत. फोटोसाठी चाक फिरवून बघू नका, बंकवर झोपून पोज देऊ नका.

सराव घरीच करता येतो. कमाटीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे. लांबच लांब वस्तू, मागे सरकायला कमी जागा, आतला मिश्र उजेड. तिकीट खिडकीवर फोटोबद्दल विचारून घ्या आणि त्या सांगाड्याचे वीस फोटो काढून बघा. त्याची लांबी एका फोटोत नीट पकडता आली, तर कुरसुरात तुम्ही चाचपडणार नाही.

आणखी एक चूक माहितीची आहे, ती फोटोखालच्या ओळीत दिसते. लोक सर्रास ‘अणुपाणबुडी’ लिहितात. कुरसुरा डिझेल-इलेक्ट्रिक आहे. पृष्ठभागावर किंवा हवा ओढणारी नळी वर काढून डिझेल इंजिनं चालवायची, त्यावर बॅटऱ्या भरायच्या आणि पाण्याखाली त्यांच्याच जोरावर चालायचं. बॅटरी उतरली की वर यावंच लागायचं. म्हणूनच बोटीचा केवढा मोठा भाग बॅटऱ्यांनी व्यापला होता, हे वाटाड्याला विचारा. दुसरा गोंधळ वर्गाचा, म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या बोटींच्या गटाचा. ती सोव्हिएत फॉक्सट्रॉट प्रकारची, जुन्या कलवरी वर्गातली. डिसेंबर 1969 मध्ये नौदलात आली, 1971 च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती, 27 फेब्रुवारी 2001 रोजी निवृत्त झाली आणि 2002 मध्ये संग्रहालय म्हणून खुली झाली. 2017 पासून आलेला कलवरी वर्ग स्कॉर्पीन प्रकारचा आहे, तो वेगळा. त्या जुन्या वर्गातल्या एका बोटीचं नाव खांदेरी होतं, शिवरायांच्या जलदुर्गावरून ठेवलेलं. हे सांगितलं की आमच्याकडच्या मुलांच्या डोळ्यांत चमक येते.

दीवला जाणारे गुजरातकर तिथली आयएनएस खुकरी बघून ‘पाणबुडी पाहिली’ असं सांगतात. ती कॉर्व्हेट आहे, पाण्यावर चालणारी युद्धनौका. त्याच नावाची आधीची युद्धनौका 9 डिसेंबर 1971 रोजी दीवजवळ पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीनं टॉर्पेडो (पाण्यातून जाऊन जहाजावर आदळणारं स्फोटक अस्त्र) सोडून बुडवली, त्यात 18 अधिकारी आणि 176 खलाशी गेले. दोन्ही जागा पाहणार असाल तर आधी दीव आणि मग विशाखापट्टणम असा क्रम ठेवा. समोर टॉर्पेडोच्या नळ्या आल्या की त्या नुसत्या नळ्या राहत नाहीत.

वाटाडे निवृत्त नौसैनिक असतात, त्यांचं बोलणं चालू असताना स्क्रीनकडे पाहत राहणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. दुसऱ्या भेटीत मी पहिली दहा मिनिटं कॅमेरा बंद ठेवला. एकानं स्वतःच्या बंकवर हात ठेवून दाखवलं की पाय लांब करायला कुठे जागा मिळायची. त्या हाताचा फोटो माझ्या संग्रहातला सर्वांत चांगला आहे, कारण त्याआधी ते काय म्हणाले ते मी ऐकलं होतं. फोटो काढण्यापूर्वी त्यांना विचारा, नाही म्हणाले तर कॅमेरा खाली करा.

शेवटची अडचण घरी आल्यावर समोर येते. सगळे कप्पे सारखेच दिसतात, कोणता कुठला ते आठवत नाही. प्रत्येक कप्प्यात शिरताना आधी पाटीचा फोटो घ्या. पाटी राहून गेली असेल तर टॉर्पेडोच्या नळ्यांची तोंडं मोजा: सहा दिसली तर तो पुढचा कप्पा, चार दिसली तर मागचा.