पॉलिटी करताना या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

स्पर्धा परीक्षेतली पॉलिटी (राज्यघटना आणि राज्यव्यवस्था) म्हणजे हमखास मार्काचा विषय, असं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या अभ्यासिकेत पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगतं, मग आपण पुस्तक दोनदा वाचून बाजूला ठेवतो आणि भूगोल, अर्थशास्त्राच्या मागं लागतो, आणि आन्सर की आली की कळतं मार्क गेले ते इथंच. माझे सलग दोन वर्षं गेले. आता ज्युनिअर पोरं चहाला गाठून तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिली चूक, कलमं मोबाईल नंबरसारखी पाठ करणं. ३२४ म्हटलं की निवडणूक आयोग, झोपेतून उठवून विचारा. आणि पेपरात आलं की जिल्हा परिषदेची निवडणूक कोण घेतं, तर मी बिनधास्त भारत निवडणूक आयोगाचा गोल रंगवून मोकळा. अरे ती घेतो राज्य निवडणूक आयोग, कलम २४३ के, ७३ वी घटनादुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू. महापालिकेसाठी २४३ झेडए, ती ७४ वी, १ जून १९९३. गोंधळ होतो कारण मतदार यादी विधानसभेचीच वापरतात, केंद्र बहुतेकदा तीच शाळा असते, त्यामुळं आपल्याला वाटतं मालक पण तोच.

यावर उपाय मला फार उशिरा सापडला. कलम वाचलं की नंबर सोडा, आधी तीन प्रश्न विचारा: नेमतं कोण, कुणाला विचारून, आणि काढतं कोण. राज्य निवडणूक आयुक्तालाच लावून बघा. नेमतात राज्यपाल, पण काढायचं झालं तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला जसं काढतात तसंच काढावं लागतं, म्हणजे राज्यपालांच्या हातात ते नाहीच. नेमणारा वेगळा आणि काढणारा वेगळा, आणि परीक्षेवाले नेमकं तिथंच बोट ठेवतात.

दुसरी चूक तर सगळेच करतात, राज्य म्हणजे केंद्राची झेरॉक्स असं धरून चालणं. लोकसभा-राज्यसभेत साध्या विधेयकावर अडलं तर कलम १०८ नं संयुक्त बैठक आहे (घटनादुरुस्तीला आणि धन विधेयकाला नाही बरं का). तसलं काही विधानसभा-विधान परिषदेत नाहीच. परिषद पहिल्यांदा तीन महिने अडवणार, विधानसभेनं परत पाठवलं की अजून एक महिना, मग विषय संपला. आमदार म्हणून परिषदेतला माणूस लाल दिव्याच्या जमान्यात कितीही रुबाबात फिरला असेल, राष्ट्रपतीच्या निवडणुकीत त्याला मत नाही. आपल्या परिषदेत ७८ जागा आहेत, त्यात ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून, पदवीधर ७, शिक्षक ७ आणि १२ राज्यपाल नेमतात. आपण कोल्हापूरवाले पुणे पदवीधर मतदारसंघात येतो, तिथं नाव नोंदवलंय का कधी? नोंदवा, फॉर्म भरताना निम्मं कलम १७१ (विधान परिषदेची रचना) आपोआप डोक्यात बसतं.

सातव्या अनुसूचीचं (कुठला विषय केंद्राचा, कुठला राज्याचा, कुठला दोघांचा म्हणजे समवर्ती, त्या याद्या) मात्र मला माझ्या मामानं शिकवलं. त्याचा ऊस शिरोळकडं. एकदा कट्ट्यावर सगळ्यांसमोर म्हणाला, "आरं, तू साहेब व्हायचा हाईस न्हवं? मग सांग की, उसाची एफआरपी दिल्लीत ठरती का मुंबैत?" (एफआरपी म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायलाच लागतो तो किमान दर.) मी म्हटलं, शेती राज्यसूचीत आहे, म्हणजे मुंबई. मामा नुसता हसला. शेती राज्यसूचीतच आहे, ते काही चुकलं नाही, पण एफआरपी केंद्र सरकार ठरवतं, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली, तो आदेश निघालाय १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातनं, आणि तो कायदा टेकलाय समवर्ती सूचीतल्या ३३ व्या नोंदीवर. म्हणजे एकाच उसाचं पीक राज्याचं आणि दर केंद्राचा. सूच्या पाठ करणाऱ्याला हे कधीच कळत नाही, बिल थकलेल्या शेतकऱ्याला लगेच कळतं. वर अजून एक गंमत, ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा नियम, आणि धन विधेयक राज्यसभेनं परत करायची मुदत पण १४ दिवस. आमच्या रूममधल्या एका भावानं राज्यसभेच्या उत्तरात थेट "उशीर झाल्यास १५ टक्के व्याज" लिहिलं होतं 😄 ते उसाचं, राज्यसभेचं न्हवं.

पेपरातले शब्द जसेच्या तसे उचलू नका. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाजवळ हायकोर्ट सुरू झालं, १८ ऑगस्ट २०२५ पासून काम चालू, सगळीकडं "कोल्हापूर खंडपीठ" असंच बोलतात. चाळीसहून जास्त वर्षं वकिलांनी आणि लोकांनी आंदोलन केल्यावर आनंदात कोण शब्द मोजणार. पण परीक्षेत ते सर्किट बेंच आहे. कायम खंडपीठ करायचं तर १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ नुसार राष्ट्रपतींचा आदेश लागतो, सर्किट बेंच मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मंजुरीनं बसवू शकतात. परत तेच, कोण करतं आणि कुणाला विचारून. आणि हे घटनेत शोधत बसू नका, मी कलम २१४ पासून (उच्च न्यायालयांची कलमं) पुढं अख्खी दुपार घालवली होती.

जुन्या नोट्स. सीनिअर दादा रूम सोडताना गठ्ठा देऊन जातो, आपण देवासारखा घेतो. त्यात लोकसभेची कमाल संख्या ५५२ असते, ती आता ५५० आहे, कारण अँग्लो इंडियन नियुक्तीच्या दोन जागा १०४ व्या दुरुस्तीनं जानेवारी २०२० पासून बंद झाल्या. विधान परिषद असलेली राज्यं ७ लिहिलेली असतात, जम्मू-काश्मीर गेल्यावर ६ राहिली. मालमत्तेचा हक्क तर काही गठ्ठ्यांत अजून मूलभूत हक्कात सापडतो, ४४ व्या दुरुस्तीनं तो १९७८ मध्येच काढून ३०० ए मध्ये टाकलाय, म्हणजे तो गठ्ठा किती हातांतनं आलाय बघा.

टेस्ट सिरीजचं एवढंच सांगतो, मार्क मोजून पेपर फेकू नका. मी शेवटच्या वर्षी एक दोनशे पानी वही केली, चुकलेला प्रश्न डावीकडं आणि का चुकला ते उजवीकडं, एका ओळीत. महिन्यानं उजवी बाजू चाळली तर "निवडून आलेले हा शब्द वाचलाच नाही" हे नऊ वेळा होतं. राष्ट्रपती निवडायला फक्त निवडून आलेले, महाभियोगात नियुक्त पण चालतात, उपराष्ट्रपतीला संसदेतले सगळे. हे तिन्ही मला पाठ होतं, नऊच्या नऊ वेळा.