ग्रह राहण्याजोगा आहे का? उतरण्याआधीची तयारीची यादी

दूरच्या एखाद्या ग्रहाला ‘राहण्याजोगा’ म्हटलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा एवढंच ठरलेलं असतं की तिथे पाणी द्रवरूपात असू शकेल. जिवाणूंना तेवढं कदाचित पुरेल. माणसाची यादी फार लांब आहे आणि ती क्रमानेच तपासावी, कारण वरच्या कलमावर फुली पडली तर खालच्या कलमांना अर्थ उरत नाही.

सुरुवात ग्रहापासून नको, त्याच्या ताऱ्यापासून करा. ताऱ्याचं आयुष्य पुरेसं मोठं हवं. सूर्याचं वय सुमारे ४६० कोटी वर्षं आहे आणि अजून साधारण ५०० कोटी वर्षं तो तेवत राहील. त्याच्या दहापट वस्तुमानाचा तारा मात्र काही कोटी वर्षांतच संपतो, एवढ्यात ग्रहावर काही रुजायला वेळच मिळत नाही. उलट लहान, लाल बटू तारे अतिशय दीर्घायुषी. पण ते इतके मंद असतात की ऊब मिळण्यासाठी ग्रहाला त्यांना अगदी खेटून फिरावं लागतं. सूर्याला सर्वांत जवळचा तारा म्हणजे ४.२४ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी. २०१६ मध्ये त्याच्याभोवती सापडलेल्या ग्रहाचं वर्ष जेमतेम अकरा दिवसांचं आहे. इतक्या जवळच्या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे राहण्याची शक्यता मोठी, शिवाय अशा ताऱ्यांवरचे उद्रेक थेट अंगावर येतात. म्हणून लाल बटूभोवतीच्या ग्रहापुढे मी लगेच बरोबरची खूण करणार नाही.

मग अंतर. पण नुसतं अंतर मोजून थांबू नका. शुक्राला पृथ्वीच्या जवळजवळ दुप्पट सूर्यप्रकाश मिळतो हे खरं, पण त्याचे ढग त्यातला तीन-चतुर्थांश भाग परत पाठवतात. प्रत्यक्षात शुक्र पृथ्वीपेक्षा कमी ऊर्जा शोषतो. तरीही त्याच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सियस तापमान आहे, कारण कार्बन डायऑक्साइडचं जाड आवरण उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पृथ्वीवरही हरितगृह परिणाम नसता तर सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास असतं; आज ते सुमारे १५ आहे. तेव्हा अंतराच्या शेजारी वातावरणाचा रकाना हवाच. शिवाय हे तापमान कोट्यवधी वर्षं टिकवणारी यंत्रणा आहे का, तेही बघा. पृथ्वीवर पाऊस आणि खडक मिळून हवेतला कार्बन जमिनीत मुरवतात आणि ज्वालामुखी तो परत सोडतात.

गुरुत्वाकर्षणाबद्दल हाताशी पुरावा थोडाच आहे. अंतराळस्थानकातल्या वजनरहित अवस्थेत, व्यायाम आणि इतर उपाय केले नाहीत तर, भार पेलणाऱ्या हाडांची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते. मंगळावरचं गुरुत्व पृथ्वीच्या ३८ टक्के. वजनरहित अवस्था आणि पृथ्वीचं पूर्ण गुरुत्व, या दोन टोकांच्या मधल्या गुरुत्वात माणूस सलग राहिलाय तो फक्त चंद्रावर, आणि तोही जास्तीत जास्त तीन दिवसांच्या आसपास. मूल वाढवायचं असेल तर गुरुत्व पृथ्वीच्या जवळपासच हवं, असा माझा आग्रह राहील.

आता हवा. इथे घाई करू नका, कारण बहुतेक ग्रह इथेच गळतात. आधी दाब बघा. दाब ६३ मिलिबारच्या खाली गेला की शरीराच्या तापमानालाच पाणी उकळू लागतं. मंगळावरचा दाब सरासरी सहा-सात मिलिबार, म्हणजे दाबयुक्त पोशाखाशिवाय बाहेर पाऊल टाकणं अशक्य. त्यानंतर ऑक्सिजनचं प्रमाण. इथे टक्केवारी फसवते; फुप्फुसाला महत्त्व ऑक्सिजनच्या स्वतःच्या दाबाचं, आणि तो समुद्रसपाटीला सुमारे २१० मिलिबार असतो. अपोलो यानं अंतराळात जवळजवळ शुद्ध ऑक्सिजनवर चालली, कारण एकूण दाबच समुद्रसपाटीच्या एक-तृतीयांश ठेवलेला होता. दुसऱ्या टोकाला, माणसाच्या कायमच्या वस्त्या साधारण ५,१०० मीटर उंचीपर्यंतच आढळतात. तिथे हवेचा दाब निम्म्याच्या जरासा वर असतो. ऑक्सिजन फार झाला तरी धोका आहेच. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो-१ च्या जमिनीवरच्या चाचणीत यान पूर्ण दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनने भरलेलं असताना ठिणगी पडली आणि तिघे अंतराळवीर मृत्युमुखी पडले. म्हणून हवेत नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरपूर हवा. कार्बन डायऑक्साइड मात्र अगदी थोडा: काही टक्के झाला तरी डोकं दुखू लागतं, धाप लागते, आणि दहा टक्क्यांना माणूस बेशुद्ध पडतो.

या कलमाचा खरा गाभा वेगळाच आहे. ऑक्सिजन हा स्वस्थ बसणारा वायू नाही. तो लोखंडाला गंज चढवतो, ज्वालामुखीच्या वायूंशी संयोग पावतो आणि कोणी सतत बनवत नसेल तर हवेतून नाहीसा होतो. पृथ्वीवर तो सायनोबॅक्टेरिया या सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी बनवला, आणि हवेत टिकून राहू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हाही तो थोडाच होता. श्वास घेण्याइतका साठला तो फार पुढे. खुद्द आपल्या पृथ्वीच्या इतिहासातल्या बहुतांश काळात माणूस इथल्या हवेत काही मिनिटंही तगला नसता. याचा अर्थ सरळ आहे: ज्या ग्रहावर उघड्या नाकाने श्वास घेता येईल, तो जवळजवळ नक्कीच आधीपासून कोणाचं तरी घर असेल. अपवाद शक्य आहे. अतिनील किरणांनी पाण्याची वाफ फुटते, हायड्रोजन अवकाशात निसटतो आणि ऑक्सिजन मागे राहतो. म्हणून दुर्बिणीतून ऑक्सिजन दिसला तर त्याच्यासोबत मिथेन आहे का, तेही शोधा. हे दोन वायू एकमेकांना संपवत असतात, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसले तर दोन्हींचा पुरवठा चालू आहे असं समजावं.

ऑक्सिजन यंत्राने बनवू, असं कोणी म्हणेल. परसिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी या उपकरणाने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. प्रयोग म्हणून तो उत्तम होता. माणसाला मात्र दिवसाला सुमारे ८०० ग्रॅम लागतो.

किरणोत्सर्गाचा रकाना लहान आहे, पण सोडू नका. क्युरिऑसिटी रोव्हरने मंगळावर दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) मोजले. पृथ्वीवर नैसर्गिक मात्रा सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट आहे, तीही अख्ख्या वर्षाची. जाड वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही असलेला ग्रह पसंत करा. मातीही तपासा: २००८ मध्ये फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे क्लोरीनयुक्त क्षार सापडले, आणि ते माणसाच्या थायरॉइडला घातक असतात.

साठ्यांसोबत चक्रंही तपासा. ॲरिझोनातल्या बायोस्फिअर-२ या बंदिस्त काचघरात १९९१ मध्ये आठ जण दोन वर्षांसाठी शिरले. सगळं मोजून भरलेलं होतं, तरी ऑक्सिजन सुमारे १४ टक्क्यांपर्यंत उतरला. सेंद्रिय मातीतले सूक्ष्मजीव तो वापरत होते आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीट शोषून घेत होतं, त्यामुळे तो वनस्पतींपर्यंत पुरेसा पोचलाच नाही. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. ग्रहावर बाहेरून सोडणारं कोणी नसेल.

एवढं सगळं जुळलं, तरी तिथल्या जीवांविषयीचं कलम उरतं. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांच्या, डाव्या-उजव्या हातांसारख्या, एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन घडणी असतात; आपली प्रथिनं डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची असतात. तिथली उजव्या घडणीची निघाली तर डोळ्यांपुढे हिरवंगार रान असूनही ते आपलं पोषण करू शकणार नाही. जुळणारी निघाली तर तिथले जीव आपल्याला खाऊ शकतील आणि आपले जंतू त्यांना. १९७५ मध्ये मंगळाकडे निघालेली व्हायकिंग अवतरक यानं उड्डाणाआधी शंभर अंशांहून अधिक तापमानात कित्येक तास तापवून निर्जंतुक केली होती, कारण पृथ्वीवरचे जंतू तिथे नेऊन सोडायचे नव्हते. माणसाला तसं तापवता येत नाही. त्याच्या आतड्यात आणि त्वचेवर अब्जावधी जिवाणू कायम असतात. म्हणून यादीतलं हे कलम यंत्रांकडून आणि दुरूनच पूर्ण करून घ्यावं लागेल, आणि त्यापुढे खूण होईपर्यंत माणसाने कक्षेतच थांबावं.