फाट्यावर लावायचं एसटीचं वेळापत्रक कसं बनवावं

स्थानकातल्या फलकाचा फोटो काढला, वेळा टाइप केल्या, फ्लेक्स छापून फाट्यावर लावला, की झालं वेळापत्रक, असं समजणारे बरेच आहेत. अशा गावांत फ्लेक्स असूनही लोक टपरीवाल्यालाच विचारतात, "गाडी गेली का हो?" आणि बरोबरच करतात. फलकावर असते ती गाडी स्थानकातून सुटण्याची वेळ. ती तुमच्या फाट्यावर कधी येते, रविवारी येते का, परत कधी फिरते, यातलं काहीच त्यात नसतं.

इथे उदाहरणाला पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका घेतला आहे. आडवळणाची गावं, घाट, महामार्ग असं सगळं तिथे एकाच तालुक्यात सापडतं. पद्धत मात्र राज्यात कुठेही तीच.

आधी गाड्या कोणाच्या ते बघा

जुन्नरला स्थानक आहे, पण आगार नारायणगावला. जुन्नरच्या खिडकीवर तुम्हाला जुन्नरहून सुटणाऱ्या गाड्या सांगतील, पण फेरी वाढवणं, बंद करणं, वेळ बदलणं हे आगारात ठरतं. त्यामुळे चौकशी स्थानकात करा आणि पत्र आगार व्यवस्थापकांच्या नावे द्या.

गाव महामार्गावर असेल तर काम वाढतं. माळशेज घाटाच्या तोंडाशी मढ आहे. ते कल्याण-अहिल्यानगर रस्त्यावर असल्याने तिथून जाणाऱ्या गाड्या दोन्ही टोकांच्या आगारांच्या असतात. जवळच्या आगाराच्या यादीत त्या नसतात, म्हणून गावाच्या फलकावरही येत नाहीत आणि लोक समोरून जाणारी गाडी सोडून देतात. फाट्यावर थांबून गाडीवर लिहिलेलं आगाराचं नाव टिपा, किंवा प्रवाशांकडून जुनी तिकिटं मागून घ्या. मशीनच्या तिकिटावर आगाराचं नाव, तारीख आणि वेळ छापलेली असते. पाटीवर कुठे 'नगर' असेल, कुठे 'अहिल्यानगर'. फलकावर दोन्ही लिहा. आळे आणि आळेफाटा हे दोन वेगळे थांबे आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

खिडकीवर काय विचारायचं

"घाटघरला गाडी कधी आहे?" असं विचारलं की पुढची एक गाडी सांगतात आणि विषय संपतो. विचारायचं असं: या मार्गावर दिवसात फेऱ्या किती? शेवटचा थांबा कोणता? मुक्कामी कोणती? शाळेला सुट्टी असताना कोणत्या बंद असतात? कोणती गाडी कोणत्या मार्गे जाते? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. एकाच गावाला दोन रस्त्यांनी गाड्या जात असतील आणि तुमचा फाटा त्यातल्या एकाच रस्त्यावर असेल, तर अर्ध्या वेळा तुमच्या उपयोगाच्या नाहीत.

सकाळी गर्दीच्या वेळी आणि शाळा सुटल्यावर खिडकीवरच्या नियंत्रकाकडे जाऊच नका. दुपारी जा. ग्रामपंचायतीचं पत्र सोबत असेल तर यादी हाताने उतरवून घ्यायला सहसा कोणी अडवत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज टाका असा सल्ला हमखास मिळतो. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट चिकटवून तीस दिवस वाट बघायची, आणि हाती येणार तीच सुटण्याच्या वेळांची यादी. पत्राने भागत असेल तर कशाला?

आरक्षणाच्या संकेतस्थळावर शोधण्यात वेळ घालवू नका. तिथे आरक्षण होणाऱ्या, म्हणजे मुख्यतः लांब पल्ल्याच्या गाड्या दिसतात. चावंडच्या साध्या गाडीचं आरक्षण कोण करणार?

आपल्या थांब्याची वेळ काढणं

सगळं वेळापत्रक इथेच बिघडतं. बहुतेक जण अंतर घेतात, ताशी तीस किलोमीटर धरतात आणि भागाकार करतात. हा हिशोब कागदावर छान दिसतो. पण जुन्नरहून आपटाळे, चावंड करत घाटघरकडे जाणाऱ्या गाडीचा वेग रस्त्यावर ठरत नाही, थांब्यांवर ठरतो. बाजाराच्या दिवशी पोती चढतात. शाळा सुटली की एकेका थांब्यावर वीसवीस पोरं उतरतात. गर्दी असली की वाहक भाड्याच्या पुढच्या टप्प्याच्या आत तिकिटं पुरी करण्यासाठी गाडी बाजूला घ्यायला लावतो. सकाळची पहिली गाडी रिकामी असते आणि सुसाट येते. त्याच रस्त्यावर त्याच गाडीला दुपारी दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. म्हणून प्रत्येक फेरीची वेळ वेगळी मोजावी लागते, एका फेरीची दुसरीला चालत नाही.

मोजायचं कसं? थांब्यासमोर ज्याचं दुकान, टपरी किंवा घर आहे अशा एकाला वही द्या. गाडी दिसली की पाटी आणि वेळ लिहायची, बाकी काही नाही. मोबाइलचं घड्याळ बघायचं, भिंतीवरचं नाही. दोन आठवडे सलग नोंदी घ्या, म्हणजे दोन बाजार आणि दोन रविवार त्यात येतात. एक गाडी सुटली तर सुटली, अंदाजाने भरायची नाही. तिकिटावरच्या वेळेने पडताळा घेता येतो, पण ती वेळ तिकीट फाडल्याची असते, गाडीत चढल्याची नाही. भरल्या गाडीत दोन्हींत दहा मिनिटांचाही फरक पडतो.

मग या नोंदींतून एक वेळ काढायची, आणि इथे माझं मत ठाम आहे: सरासरी काढायची नाही. समजा जुन्नरहून दुपारी २ ला सुटणारी गाडी चावंडला पाच दिवसांत २.३८, २.४१, २.५२, २.३६ आणि ३.०५ ला आली. सरासरी येते २.४६. फलकावर २.४६ लिहिलंत आणि माणूस बरोबर त्या वेळेला आला, तर पाचातल्या तीन दिवशी गाडी निघून गेलेली आहे. फलकावर लिहायचं २.३५, म्हणजे दिसलेली सर्वात लवकरची वेळ, मागच्या पाच मिनिटांवर आणून. उशिरा आलेल्या गाडीने माणूस अर्धा तास ताटकळतो, शिव्या देतो, पण पोहोचतो. गेलेल्या गाडीसाठी तो दुसऱ्या फेरीपर्यंत थांबतो, आणि दिवसात तीन-चारच फेऱ्या असलेल्या रस्त्यावर म्हणजे त्याचा दवाखाना किंवा तहसील कचेरीतलं काम गेलं.

रकान्याचं शीर्षक 'येण्याची वेळ' ठेवू नका, 'या वेळेपासून थांबा' असं लिहा. त्याच्या शेजारी लहान अक्षरात जुन्नरहून सुटण्याची वेळ असू द्या. त्याचा उपयोग असा की स्थानकात फोन करून किंवा तिथे असलेल्या ओळखीच्या माणसाला विचारून गाडी सुटली का हे कळलं, तर इथे किती वेळ आहे ते लगेच समजतं. नारायणगावहून निघालेली गाडी वाटेत अडकली की जुन्नरहूनही उशिरा सुटते. अशा दिवशी छापील वेळेपेक्षा हा फरकच कामाला येतो.

परतीच्या वेळा वेगळ्या रकान्यात. गाडी वरच्या गावाला जाऊन लगेच फिरते की चालक-वाहक चहाला थांबतात, यावर परतीची वेळ ठरते, आणि ही विश्रांती दर फेरीला सारखी नसते. तीही मोजूनच काढा. (जागा मिळावी म्हणून वर जाणाऱ्या गाडीतच बसून घेणारे प्रत्येक गावात असतात. बसा, पण वरचंही तिकीट काढावं लागतं.)

मुक्कामी गाडी

संध्याकाळी गावात येऊन रात्री थांबणारी आणि सकाळी पहिली निघणारी ही गाडी फलकावर दोन ओळींत येते आणि त्या दोन ओळींचा संबंध कोणी दाखवत नाही. गाडी एकच आहे. रात्रीची आली नाही, तर सकाळची कुठून सुटणार? सकाळच्या ओळीसमोर स्पष्ट लिहा: 'आदल्या रात्री गाडी आली असेल तरच'. कॉलेजची मुलं आणि पुढे पुण्याची गाडी पकडणारे याच गाडीवर अवलंबून असतात. सहाला थांब्यावर येऊन कळण्यापेक्षा रात्री आठला कळलेलं बरं. मुक्काम नक्की कोणत्या गावात आहे तेही लिहा, म्हणजे विचारायचं कोणाला ते समजतं.

कधी नसते

प्रत्येक ओळीला हा रकाना हवाच. शाळेसाठीच्या फेऱ्या रविवारी, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असतात. त्याशिवाय वर्षात काही दिवस असे येतात की आगारातल्या गाड्याच दुसरीकडे जातात. आषाढीला पंढरपूरकडे, गणपतीत मुंबईहून कोकणात, निवडणुकीत मतदान यंत्रं आणि कर्मचारी पोहोचवायला. अशा वेळी पहिली कात्री लागते ती आडगावच्या फेऱ्यांना. याच्या तारखा छापत बसू नका, तळाशी एक ओळ पुरे: 'आषाढी, गणपती, दिवाळी आणि निवडणुकीच्या दिवसांत आदल्या दिवशी विचारून निघा.' घाटाच्या तोंडाशी गाव असेल तर पावसाळाही त्यात घाला. माळशेजमध्ये दरड आली की कल्याणकडून येणारी गाडी येतच नाही.

जलद गाड्यांपुढे 'थांबत नाही' लिहायला लाजू नका. हात केला की थांबते हे एखाद्या चालकाचं खरं असेल, सगळ्यांचं नाही. फाटा गावापासून लांब असेल तर चालायला किती मिनिटं लागतात तेही लिहा, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने.

लिहायचं काय, गाळायचं काय

भाडं लिहू नका. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं आणि बदलतं. २५ जानेवारी २०२५ ला ते वाढलं तेव्हा गावोगावचे दराचे फलक एका रात्रीत खोटे ठरले. सवलतीच्या दोन ओळी चालतील: राज्यातल्या प्रवासात महिलांना अर्धं तिकीट (१७ मार्च २०२३ पासून), ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, ७५ च्या पुढे मोफत, आणि वयाचा पुरावा म्हणून आधार जवळ ठेवा.

जीपच्या वेळा लिहू नका, त्या भरल्यावर सुटतात. जीप कुठून मिळते तेवढं लिहा. चालकाचा नंबर त्याला विचारल्याशिवाय भिंतीवर टाकायचा नाही.

वेळ चोवीस तासांच्या घड्याळात लिहू नका. आगारात १८.१५ चालतं. फाट्यावर घाईत वाचणारा त्याचे सव्वाआठ करतो. 'संध्या. ६.१५' लिहा.

लावणं

फ्लेक्स नको. महाग पडतो, दुरुस्त करता येत नाही आणि उन्हात लाल रंग आधी उडतो. त्यात गाडीचं चित्र आणि नेत्यांचे फोटो आले की वेळांना जागा उरते वीतभर. साध्या ए-थ्री कागदावर काळ्या अक्षरात लेझर प्रिंट काढा, आकडे अर्धा इंच उंचीचे. मग लॅमिनेशन करा, पण कडेला बोटभर रिकामं प्लास्टिक सोडायला सांगा. स्क्रूची भोकं त्या प्लास्टिकमध्ये पाडायची. कागदातून भोक गेलं की पहिल्याच पावसात तिथून पाणी शिरतं आणि कागद ओला होऊन खराब होतो. निवाऱ्याच्या आतल्या भिंतीवर, उन्हाच्या उलट बाजूला, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला लावा.

वर उजवीकडे ठळक लिहा: 'या तारखेला तपासलं'. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचं असेल तर ही तारीख चित्रातच हवी, खालच्या मजकुरात नको. चित्र पुढे जातं, मजकूर मागेच राहतो, आणि तीन वर्षांपूर्वीचं वेळापत्रक 'ताजं' म्हणून फिरत राहतं.

चालू ठेवणं

वर्षातून दोनदा तपासा: जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर आणि दिवाळीची सुट्टी संपल्यावर. मधे एखादी फेरी बंद पडली तर ती ओळ पुसू नका, जाड पेनाने आडवी रेघ मारून 'बंद' लिहा. ओळ नुसती गायब झाली की वरच्या वाडीतून येणारा माणूस छपाईत राहिली असेल असं धरून थांबतो.

फेरी वारंवार चुकत असेल तर वहीतल्या नोंदी इथे कामाला येतात. 'आमच्या गावाला गाडी येत नाही' अशा अर्जावर आगारातून 'फेरी नियमित सुरू आहे' एवढंच उत्तर येतं. अर्जात सुटण्याची वेळ, मार्ग आणि न आलेल्या तारखा ओळीने लिहा. आगारात त्या दिवसांची नोंद असते, पडताळता येते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. पुढच्या वेळी पत्र लिहिणारा दुसराच कोणी असू शकतो.