पूल बंद करण्याआधी: परळ-दादर पट्ट्यातल्या वाहतुकीची तयारी

१२ सप्टेंबर २०२५ ला प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल बंद झाला, तेव्हा शीवचा रेल्वेपूल १ ऑगस्ट २०२४ पासून बंदच होता. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांचा भार टिळक पूल, करी रोड आणि चिंचपोकळीवर आला. म्हणून पहिलं काम कॅलेंडरचं. महापालिका, रेल्वे, एमएमआरडीए, बेस्ट, गॅस आणि केबलवाले यांच्या खोदाईच्या तारखा एकाच तक्त्यावर आणा आणि तो वाहतूक पोलिसांच्या हाती द्या. परळच्या कारखान्यांतून गणपती निघतात ते शनिवार-रविवार त्यावर आधीच आखून ठेवा. आगमनाची गर्दी चतुर्थीच्या कितीतरी आधी सुरू होते. ३१ मेनंतर पर्यायी रस्त्यावर एकही चर उघडा राहता कामा नये.

मग मोजणी. मंगळवार ते गुरुवार, शाळा-कॉलेज चालू असताना, प्रत्येक चौकात वळणानुसार वाहनं मोजा. मे महिन्यातली मोजणी हमखास फसवते. साडेपाच मीटरहून रुंद रस्त्यातून हिरव्या दिव्याच्या तासाला रुंदीच्या मीटरमागे साधारण ५२५ कार-एकक (प्रत्येक वाहन किती कारइतकं, या हिशेबाने) सुटतात. साडेदहा मीटरमधली साडेतीन मीटरची लेन बॅरिकेडने खाल्ली आणि हिरवा दिवा सिग्नलच्या पूर्ण चक्राच्या ४० टक्के वेळ असला, तर ताशी जवळपास ७३५ एकक कमी. ही वाहनं कुठे जात नाहीत, मागच्या चौकात तुंबतात. तेव्हा एका सिग्नलची वेळ वाढवून भागत नाही, मागचे दोन-तीन सिग्नलही त्याच्याशी जुळवावे लागतात.

पर्यायी रस्ता आधी मोकळा, पूल नंतर बंद, हा क्रम सोडू नका. दुतर्फा पार्किंग उठवा, खड्डे बुजवा, टोइंगची गाडी जवळच उभी ठेवा. १२ मीटरची रिकामी बस रात्री प्रत्येक वळणावरून फिरवून पाहा. नकाशावर बसणारी बस प्रत्यक्षात डिव्हायडरला अडते, आणि अडली की मागचा सगळा रस्ता थांबतो. केईएम, टाटा, वाडियाकडे जाणाऱ्या रुग्णवाहिकांचा मार्ग वेगळा ठरवा आणि १०८ च्या नियंत्रण कक्षाला लेखी कळवा.

अधिसूचना मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५, ११६ खाली वेळेत निघायला हवी. फलक मात्र त्याहून महत्त्वाचे. करी रोडच्या पुलावर सकाळी ७ ते दुपारी ३ एक दिशा, ३ ते रात्री ११ उलटी, असं ठरलं की वेळ मोठ्या अक्षरांत, मराठीत, आणि वळण्याची सोय असलेल्या शेवटच्या चौकाच्या अलीकडे लिहा. पुलाच्या तोंडाशी लावलेला फलक वाचून ड्रायव्हरला मागे वळता येत नाही.

स्टेशनकडे चालणाऱ्यांना १.८ मीटर मोकळी पायवाट द्या, रात्री दिव्यांसह. डंपर रात्रीच काढा, आणि निघण्याआधी चाकं धुवा. सांडलेल्या चिखलावरून पहाटे दुचाक्या घसरतात. पूल शुक्रवारी रात्री बंद करा, म्हणजे सोमवारच्या सकाळआधी चुका दुरुस्त करायला दोन दिवस मिळतात.